दहावीची मुलं "अडलंय" म्हणतच नाहीत, काय करू?

गणिताच्या मॅडम (सातारा जिल्हा):
वर्गात ५२ मुलं आहेत. "समजलं का?" म्हटलं की एका सुरात "हो मॅडम". वह्या बघितल्या की फळ्यावरचं उदाहरण सुबक उतरवलेलं आणि खालचं गणित कोरं. वर्गसमीकरणांच्या चाचणीत एका मुलीनं पूर्ण पान रिकामं सोडलं. मधल्या सुट्टीत जवळ बसवून विचारलं, तर म्हणाली, "अवयव पाडणं नववीपासूनच येत नाही. सगळ्यांना येतंय, मग मी एकटीनं कसं विचारू?" दोन रात्री तेच डोक्यात आहे. ती माझ्याच वर्गात होती ना नववीला. मदत मागायला शिकवता येतं का?

निवृत्त मास्तर:
येतं. आधी "समजलं का?" बंद करा, त्याला "हो"शिवाय दुसरं उत्तर मुलांना सुचत नाही. मी पेन्सिलीनं टिंब द्यायला लावायचो, जिथं गाडी अडली त्या ओळीपुढं. टिंब सगळ्यांनीच द्यायचं, म्हणजे कुणी एकटं पडत नाही. मग टिंबाचं वाक्य करायचं. "काहीच कळत नाही" असं नाही; "गुणाकार ६, बेरीज उणे ५ इथवर कळलं, पण उणे २ आणि उणे ३ कसे शोधले?" असं. हे वाक्य आधी जोडीदाराला म्हणून दाखवायचं. माझ्या वर्गात ते अंगवळणी पडायला दिवाळी आली होती, तेव्हा धीर धरा. आणि "एवढंही येत नाही?" हे एकदाही तोंडातून जाऊ देऊ नका.

शाळा समुपदेशक, पुणे:
मास्तरांशी सहमत. मुलांना उत्तर मागणं आणि पुढची एक पायरी मागणं यातला फरकही दाखवा. पण जी मुलगी अवयवांबद्दल बोलू शकत नाही, ती घरातल्या मारहाणीबद्दल कशी बोलेल? मी प्रत्येकाला वहीच्या शेवटच्या पानावर तीन मोठ्या माणसांची नावं लिहायला लावते. पहिल्यानं ऐकलं नाही तर दुसऱ्याकडे जायचं, हेही मोठ्यानं म्हणून घेते. त्याखाली मदतीचे फोन नंबर: १०९८ (मुलांसाठी) आणि १४४१६ (टेलिमानस, मानसिक आरोग्यासाठी). एक मात्र सांभाळा: "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. लैंगिक अत्याचार असेल तर २०१२च्या पोक्सो कायद्यानं आपल्याला तो कळवावाच लागतो. "तुला मदत होईल अशाच माणसांना सांगेन" एवढंच म्हणा.

गणिताच्या मॅडम:
आज टिंबं दिली. ३१ वह्यांत निघाली, त्यातली १९ एकाच ओळीवर, मधल्या पदाची फोड. ती ओळ मीच घाईत पुढे नेली होती. त्या मुलीचं टिंबही तिथंच. शेजारणीची वही बघून ती म्हणाली, "तुझंपण?" उद्याचा तास त्याच ओळीला.