बेस थेट मिक्सरला: पेडलांचा क्रम आणि घरघर

चर्चमध्ये अँप नाही, बेस (गिटार) थेट मिक्सरला जातो आणि घरघर येते; मग पेडलं कोणत्या क्रमाने लावायची आणि घरघर कशी घालवायची, असा एकाचा प्रश्न आहे. ट्यूनर, कंप्रेसर (जोराचे आणि हळू सूर जवळपास एका पातळीवर आणणारं पेडल), ओव्हरड्राइव्ह (आवाज खरखरीत करणारं पेडल) आणि शेवटी प्रीअँप-डीआय (सिग्नल मिक्सरला चालेल असा करून देणारा डबा), याच क्रमाने एवढं पुरतं. ट्यूनर पहिला, म्हणजे प्रार्थना चालू असताना आवाज बंद ठेवून तार जुळवता येते. कंप्रेसरचा रेशो ४:१ वर, म्हणजे ठरावीक पातळीपलीकडे आवाज ४ डेसिबल वाढला तर बाहेर १च वाढतो. जोरात वाजवल्यावर ४-५ डेसिबल कपात बास, जास्त दाबलंत तर बोटाचा ठोकाच मरतो. ओव्हरड्राइव्हला ब्लेंड (मूळ साफ आवाज मिसळायचा नॉब) हवाच, नाहीतर तळ, म्हणजे खालचे जाड सूर, पातळ होतो.

घरघरीसाठी आधी डीआयवरचं ग्राउंड लिफ्ट (डीआय आणि मिक्सरमधली ग्राउंडची जोडणी तोडणारं बटण) दाबून बघा. बारीक शिट्टी उरली तर बहुधा डिजिटल पेडल इतरांबरोबर एकाच अडॅप्टरवर आहे; आयसोलेटेड सप्लाय (प्रत्येक पेडलला एकमेकांपासून वेगळं आउटपुट देणारा) घ्या. प्लगची अर्थिंगची पिन काढायचा उद्योग कृपया नको, शॉक बसेल.