ईएमडीआर (धक्कादायक आठवणींवरचा, डोळे हलवून करायचा मानसोपचार) कुणी घेतलंय का? नवऱ्यासाठी विचारतेय (जरा मोठं झालंय, सॉरी)

कृष्णाकाठ_७
मंडळी, गेल्या जूनमधे साताऱ्याकडे येताना खंबाटकी घाट उतरत होते आणि नवऱ्याच्या बाईकला मागून टेम्पोने उडवलं. पाय मोडला, रॉड टाकलाय, आता चालतो नीट. पण मागे बसलेला त्याचा मित्र गेला, जागेवरच. तेव्हापासून एअर हॉर्न वाजला की हा घामाने भिजतो, रात्री तीनला उठून बसतो, बाईक तर सोडाच, एसटीतही खिडकीशी बसत नाही. आणि एकच वाक्य, मीच त्याला चल म्हणालो.
सायकियाट्रिस्टच्या गोळ्यांनी झोप थोडी सुधारलीये, आता ते म्हणतात ईएमडीआर करून घ्या. यूट्यूबवर बघितलं तर एक बाई समोरच्याच्या तोंडापुढे दोन बोटं इकडून तिकडे हलवतेय. सासूबाई म्हणाल्या दृष्टच काढायची तर मी मीठमोहऱ्यांनी काढते, त्याला दोन हजार कशाला. हसले मी पण मनात तेच आलं खरं. हे संमोहन असतं का? कुणी स्वतः घेतलंय का? अजून बिघडणार तर नाही ना?

बोरकूट
घेतलंय, नऊ सेशन. २०२१ मधे कोविडला आयसीयूत बारा दिवस होतो, घरी आल्यावर मायक्रोवेव्ह बीप झाला तरी छाती धडधडायची.
पहिल्या दोन वेळेला बोटं हललीच नाहीत, मी वैतागलो की पैसे देऊन गप्पाच मारतोय. नुसती हिस्टरी, आणि मनात एक शांत जागा पक्की करायची (मी आजोळची पडवी घेतली), आणि नको झालं की हात वर करून थांबवायचं हे ठरवलं. तिसऱ्या वेळी त्यातलं सगळ्यात वाईट चित्र कुठलं, ते आठवताना स्वतःबद्दल काय वाटतं, अंगात कुठे जाणवतं, शून्य ते दहात त्रास किती असं विचारलं. मी नऊ म्हणालो. मग ते चित्र मनात धरून डोळ्यांनी बोटांमागे जायचं, अर्धा मिनिट असेल, की थांबून विचारणार आता काय आलं. एकदा मी म्हणालो काही नाही हो डोसा आठवला, तर म्हणाल्या बरं, त्याच्याबरोबर राहा. आणि त्या डोशावरून शेजारच्या बेडवरचे काका आले आणि मी जो रडलो. त्या दिवशी घरी येऊन सरळ झोपलो, पुढे दोन दिवस विचित्र स्वप्नं पडली, तेवढी तयारी ठेवा.
संमोहन नाही, पूर्ण जागे असता. आठवण काही पुसली गेली नाही, बीप आठवतो की, फक्त तो आता हॉस्पिटलात राहतो, माझ्या किचनमधे येत नाही.

पुराव्याने_शाबीत
थोडा मिठाचा खडा टाकतो. फ्रान्सिन शापिरो या अमेरिकन बाईंना १९८७ मधे बागेत फिरताना जाणवलं की डोळे इकडेतिकडे फिरले की त्रासदायक विचारांची धार कमी होते, १९८९ मधे पहिला अभ्यास छापला, मग आठ टप्प्यांची पद्धत उभी राहिली. उपचाराने गुण येतो यावर फार वाद नाही, डब्ल्यूएचओनेही (जागतिक आरोग्य संघटना) २०१३ मधे ट्रॉमावरच्या सीबीटीबरोबर (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी थेरपी) याची शिफारस केलीये. भांडण आहे ते डोळे खरंच लागतात का यावर. काही ठिकाणी आळीपाळीने हातावर टिचक्या मारतात, किंवा हेडफोनमधे एकदा डाव्या एकदा उजव्या कानात टिकटिक. एक स्पष्टीकरण असं, की डोक्याची तात्पुरती स्मरणाची जागा मर्यादित असते, आठवण आणि हालचाल दोन्ही सांभाळता सांभाळता आठवण फिकट होते आणि तशी फिकटच परत आत जाते. त्यामुळे मेंदूच्या दोन बाजू जोडून देतो, एका सेशनमधे क्लिअर वगैरे म्हणणारा भेटला तर चपला घालून निघा.

दवबिंदू_
मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, वरच्या दोघांचंही पटलं. ताई, नावं इथे देणार नाही पण थेरपिस्टना बिनधास्त विचारा, आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) रजिस्ट्रेशन आहे का, ईएमडीआरचं ट्रेनिंग कुठून घेतलं, त्यात सुपरव्हिजन (अनुभवी थेरपिस्टची देखरेख) होतं का, अपघाताच्या किती केसेस केल्यात. चिडले तर उत्तर मिळालंच. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. फिट येत असेल किंवा डोळ्याचा काही आजार असेल तर आधीच सांगा, मग टिचक्यांवर करतात. ऑनलाइनही होतं, पण तेव्हा घरात कुणीतरी हवं. आणि प्लीज व्हिडिओ बघून घरी बोटं हलवू नका, आठवण उघडते आणि मिटवता येत नाही. रात्री तीनला फारच झालं तर टेलीमानस (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) १४४१६, चोवीस तास, मराठीतूनही बोलतात.

मधलीसुट्टी
वाचनखूण साठवली. (मीठमोहऱ्या पण काढू द्या हो सासूबाईंना, त्यांनाही काहीतरी करायचं असेल पोरासाठी.)

कृष्णाकाठ_७
खूप खूप आभार सगळ्यांचे. नवऱ्याला धागा वाचून दाखवला, डोशाशी आल्यावर हसला, कित्येक महिन्यांनी. त्याचा एकच प्रश्न, सगळं पहिल्यापासून तोंडाने सांगावं लागेल का?

दवबिंदू_
नाही. एवढ्यासाठीच कमी बोलणाऱ्यांना हे जमतं. चित्र त्यांच्या मनात असलं की पुरे, बारीकसारीक सांगायची सक्ती नसते, घरचा अभ्यासही नसतो. मित्राबद्दलचं ते एक वाक्य मात्र थेरपिस्टना जरूर सांगा, बहुतेक काम तिथेच आहे.

कृष्णाकाठ_७
मंगळवारची पुण्यातली वेळ घेतलीये. जाताना बोगदा आहे पण येताना घाटच लागतो, त्याचं काय करू कळत नाहीये.

बोरकूट
येताना रेल्वेने या ना. जेजुरी लोणंदवरून येते, खंबाटकी लागतच नाही. स्टेशन माहुलीला गावाबाहेर आहे, रिक्षावाल्याशी भाव आधी ठरवा.