मदत हवी आहे: ल्युसिलिया सेरिकाटा की क्युप्रिना?

फोटोतली हिरवी चमकदार माशी ल्युसिलिया प्रजातीची आहे एवढं नक्की, त्यातली जाती सेरिकाटा की क्युप्रिना, हे मात्र ठरत नाही. रंगावर भिस्त नको, फ्लॅशच्या कोनानुसार झळाळी बदलते. पुढच्या पायाची मांडी क्युप्रिनात हिरवी चमकते, सेरिकाटात काळपट-निळी दिसते. इथे नेमकी तीच सावलीत आहे! डोक्यामागचे केस (क्युप्रिनात प्रत्येक बाजूला एक, सेरिकाटात जास्त) पुसट आलेत, कारण फोकस डोळ्यांवर आहे. खांद्याच्या उंचवट्याच्या मागच्या कडेला चार बारीक केस दिसतात. सेरिकाटात तिथे साधारण सहा ते आठ असतात, क्युप्रिनात जास्तीत जास्त चार. पण काही झडले असतील किंवा कोनामुळे लपले असतील तर? एवढ्यावर क्युप्रिना म्हणावं का? थंड करून सुस्तावलेल्या माशीचा डोक्यामागचा भाग टिपायला कॅमेरा कोणत्या कोनात धरावा, फोकस स्टॅकिंगला (वेगवेगळ्या अंतरांवर फोकस केलेले फोटो जोडून एकच स्पष्ट फोटो बनवायला) किती फ्रेम लागतात, कृपया सांगा.