मदत हवी आहे: जुन्या ड्रॅग रेस गाडीचा पुढचा अ‍ॅक्सल नेमका किती उंचीवर बसवावा?

सरळरेषा

माझे सासरे आणि त्यांचे दोघे धाकटे भाऊ साठच्या दशकात मिशिगनमध्ये ड्रॅग रेसिंग करत असत. त्यांची गॅसर, म्हणजे पेट्रोलवर धावणाऱ्या वर्गात शर्यतीसाठी बदललेली साधी गाडी, पुढे विकली गेली आणि नंतर तिचा मागमूस लागला नाही. आता आम्ही तीच गाडी नव्याने उभी करत आहोत. वेल्डिंग करणारे गृहस्थ पुढच्या अ‍ॅक्सलची उंची लेखी मागत आहेत, आणि पुढच्या आठवड्यानंतर ते दुसऱ्या कामात अडकणार आहेत. सासरे म्हणतात की गाडीचे नाक पार आभाळाकडे होते. धाकटे चुलत सासरे ठामपणे सांगतात की तसे काही नव्हते. हाताशी असलेली दोन छायाचित्रेही एकमेकांशी जुळत नाहीत. इंग्रजी मंचांवर विचारले की प्रत्येक जण तयार किट विकत घ्यायला सांगतो. येथे वाहन उद्योगातली बरीच मंडळी आहेत, म्हणून विचारते. मला एक आकडा हवा आहे.

खटपट्या

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. ड्रॅग रेसिंगमध्ये दोन गाड्या उभ्या जागेवरून सरळ रेषेत पाव मैल, म्हणजे सुमारे 402 मीटर धावतात. अमेरिकेतील ड्रॅग रेसिंगचे नियमन करणारी एनएचआरए ही संस्था वॉली पार्क्स यांनी 1951 मध्ये स्थापन केली. इशाऱ्याच्या दिव्यांचा खांब, ज्याला तेथे ख्रिसमस ट्री म्हणतात, तो 1963 मध्ये आला. त्याआधी झेंडा दाखवणारा माणूस दोन गाड्यांच्या मध्ये उभा राहत असे.

सरळरेषा

धन्यवाद, परंतु माझा प्रश्न अ‍ॅक्सलच्या उंचीचा आहे.

डेट्रॉइटकर

ताई, आकडा सांगणे अवघड नाही, पण गाडी कोणती ते तुम्ही लिहिलेच नाही. मॉडेल, वर्ष, इंजिन आणि शर्यतीचा वर्ग सांगा. छायाचित्रे कोणत्या सालातली आहेत आणि ती अगदी बाजूने घेतलेली आहेत की तिरकी, हेही सांगा. शिवाय ही गाडी पळवायची आहे की केवळ प्रदर्शनात ठेवायची आहे?

सरळरेषा

साठच्या दशकातील गॅसर म्हटल्यावर ते लक्षात येईल असे वाटले होते. 1955 ची शेव्हरोले टू-टेन, दोन दारांची सेडान. इंजिन शेव्हरोलेचेच छोटे व्ही-8. मूळचे स्वतंत्र सस्पेन्शन काढून पुढे सरळ अ‍ॅक्सल आणि पाटे (लीफ स्प्रिंग) बसवलेले होते. दोन्ही छायाचित्रे बाजूने घेतलेली आहेत. एकात मागच्या काचेवर पांढऱ्या बूट पॉलिशने सी/जी लिहिले आहे, दुसऱ्यात बी/जी. साल कोठेही लिहिलेले नाही.

पुणेरी_पाना

मी पुण्यात जुन्या गाड्यांची कामे करतो आणि माझी स्वतःची डुक्कर फियाट अजून उत्तम चालते, म्हणून अनुभवाने सांगतो की सरळ अ‍ॅक्सलच्या फंदात पडू नका. मूळचे सस्पेन्शन ठेवा, पुढे डिस्क ब्रेक लावा, गाडीच्या संपूर्ण कवचाचे (बॉडीचे) थ्रीडी स्कॅनिंग करून घ्या आणि उंची संगणकावर ठरवा. सरळ अ‍ॅक्सलची गाडी वेगात भरकटते, आणि प्रेक्षकांना खाली कोणता अ‍ॅक्सल आहे ते दिसणारही नाही.

डेट्रॉइटकर

पाना साहेब, गॅसरमध्ये दिसतो तो नेमका तो अ‍ॅक्सलच. मडगार्डखाली आडवी नळी दिसली नाही तर ती गाडी त्या कुटुंबाची उरत नाही, एक उंच केलेली शेव्हरोले एवढीच उरते. आणि स्कॅनिंग कशाचे करायचे? मूळ गाडी अस्तित्वात नाही. आज विकत घेतलेल्या कवचाचे स्कॅन 1955 मध्ये कारखान्यातून निघालेली गाडी दाखवील, भावांनी रात्री जागून बदललेली दाखवणार नाही.

ताई, काचेवरची ती दोन अक्षरे फार महत्त्वाची आहेत. जी म्हणजे गॅस, आणि त्याआधीचे अक्षर म्हणजे त्यातला वर्ग. गॅस वर्गांची विभागणी गाडीचे पौंडांतील वजन भागिले इंजिनाची क्युबिक इंचांतील क्षमता या गुणोत्तरावर होत असे. गुणोत्तर जितके कमी, तितका वरचा वर्ग. समजा गाडी 3000 पौंडांची आहे. 283 इंचांचे इंजिन असेल तर गुणोत्तर 10.6 येते, आणि तीच गाडी 327 वर नेली तर 9.17. म्हणजे सी मधून बी मध्ये जाण्याचे एक सरळ कारण मोठे इंजिन हे असू शकते. शेव्हरोलेचे 327 बाजारात आले 1962 मध्ये. तेव्हा बी/जी चे छायाचित्र त्यानंतरचे असावे, असा माझा कयास आहे.

खटपट्या

हा कयास घाईचा आहे. 283 चे सिलिंडर एक अष्टमांश इंचाने मोठे करून 301 करणारे त्या काळी असंख्य होते, आणि त्यासाठी 1962 ची वाट पाहण्याची गरज नव्हती. शिवाय फायबरग्लासचा पुढचा भाग लावून वजन उतरवले तरी गुणोत्तर बदलतेच. नुसत्या अक्षरांवरून साल काढता येत नाही.

डेट्रॉइटकर

मान्य आहे, म्हणूनच कयास म्हटले. ताई, दोन्ही छायाचित्रांत मागच्या टायरची रुंदी आणि बॉनेटचा आकार सारखा आहे का? आणि दोघांपैकी कोण कोणत्या काळात गाडी चालवत होते?

रंगारी

मी हाताने पाट्या रंगवतो, म्हणून एक सूचना करतो. जुन्या कृष्णधवल छायाचित्रांना हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेने रंग भरून देतात, त्यावर विश्वास ठेवू नका. कृष्णधवल छायाचित्रात लाल आणि हिरवा रंग एकाच राखाडी छटेत येऊ शकतात, आणि यंत्र केवळ अंदाज करते. घरात कोडाक्रोमच्या स्लाइड असतील तर त्या शोधा, कारण अंधारात ठेवलेल्या कोडाक्रोमचे रंग फार चांगले टिकतात. दारावरची अक्षरे स्टिकरने करू नका. रंगाऱ्याच्या कुंचल्याने अक्षराच्या कडेला जी किंचित जाडी येते, ती तिरप्या उजेडात लगेच ओळखू येते.

सरळरेषा

रंगाचा प्रश्न अजून आलेला नाही, पण स्लाइड शोधायला सांगते. सी/जी च्या छायाचित्रात मागचे टायर अरुंद आहेत आणि बॉनेट साधे आहे. बी/जी मध्ये टायर स्पष्टपणे रुंद आहेत आणि बॉनेटला भोक पाडून इंधन इंजेक्शनच्या आठ नळ्या वर काढल्या आहेत. सासरे 1963 मध्ये सैन्यात गेले. त्यानंतर गाडी धाकटे काका चालवत.

डेट्रॉइटकर

मग तुमच्या घरातील वाद मिटवण्यासारखा आहे. दोघेही आपापल्या गाडीविषयी खरे बोलत असावेत.

नाक वर का करत, हे आधी पाहू. गाडी सुटताना मागच्या चाकांवर सरकणारे वजन प्रवेगावर, गुरुत्वमध्याच्या उंचीवर आणि दोन अ‍ॅक्सलमधील अंतरावर अवलंबून असते. टायर अरुंद आणि कडक होते, रस्त्याला धरत नसत, म्हणून गुरुत्वमध्य उचलून मागे अधिक वजन टाकण्याची धडपड होती. पुढे मऊ आणि रुंद स्लिक, म्हणजे खाचा नसलेले, टायर आले. पकड टायरच देऊ लागल्यावर उंच नाकाचा फायदा घटला आणि पाव मैलाच्या शेवटी गाडीखाली शिरणाऱ्या वाऱ्याचा तोटा जाणवू लागला. त्यामुळे दशकाच्या मध्यापासून गॅसर हळूहळू खाली बसत गेल्या. अरुंद टायरची सी/जी गाडी उंच असणे आणि रुंद टायरची बी/जी गाडी त्याहून खाली असणे, हे त्या क्रमाशी अगदी जुळते. तेव्हा उंची ठरवण्याआधी तुम्हाला गाडीचे साल ठरवावे लागेल. 1962 चे नाक आणि 1965 चे इंजेक्शन एकत्र लावले, तर जी गाडी कधीच धावली नाही ती तयार होईल.

पुणेरी_पाना

एवढा काथ्याकूट कशासाठी? आज बाजारात मिळणारे सरळ अ‍ॅक्सलचे किट लावा, नाक भरपूर वर घ्या, लोकांना तेच आवडते.

डेट्रॉइटकर

लोकांना आवडते, पण नियमात बसत नव्हते. गॅस वर्गात क्रँकशाफ्टचा, म्हणजे इंजिनातील फिरणाऱ्या मुख्य दांड्याचा, मध्य जमिनीपासून 24 इंचांहून वर चालत नसे. इंजिन मागे सरकवण्यालाही मर्यादा होती, दोन अ‍ॅक्सलमधील अंतराच्या 10 टक्के. या शेव्हरोलेचे ते अंतर 115 इंच, म्हणजे साडेअकरा इंच. आजच्या कित्येक प्रतिकृती तपासणीच्या रांगेतूनच परत पाठवल्या गेल्या असत्या.

ताई, आता मोजणीकडे वळू. छायाचित्रात चाके गोल दिसतात की अंडाकृती ते पाहा. अंडाकृती दिसली तर कॅमेरा तिरका होता आणि मोजणी फसेल. गोल असतील तर मोजपट्टी म्हणून अ‍ॅक्सलमधले अंतर घेऊ नका, कारण सरळ अ‍ॅक्सल बसवताना पुढचे चाक मागेपुढे सरकलेले असू शकते. दार घ्या. ते तुमच्या कवचावर आज लटकते आहे. त्याच्या दोन्ही फटींमधले अंतर टेपने मोजा, तेच छायाचित्रात मोजा, आणि गुणोत्तर काढा. मग दाराखालच्या पट्टीचे पुढचे आणि मागचे टोक जमिनीपासून किती वर आहे ते काढले की गाडीचा उतार मिळतो. इंजिनाचा रिकामा ब्लॉक ठरलेल्या जागी बसवून, गाडी तेवढ्या उतारावर ठोकळ्यांवर उभी करा आणि क्रँकचा मध्य मोजा. 24 च्या वर गेला, तर मोजणीत कोठेतरी चूक आहे.

नाना_वऱ्हाडी

विषयांतराबद्दल क्षमस्व, पण हा सगळा प्रकार आमच्या विदर्भातील शंकरपटासारखा वाटला. दोन जोड्या, सरळ धाव, सेकंदांचा हिशेब आणि पिढ्यानपिढ्यांचे घराणे. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिरवा कंदील दाखवल्यापासून आमच्याकडे पुन्हा उत्साह आला आहे. फक्त आमच्याकडे नाक वर करण्याचा प्रश्न येत नाही, ते बैलच ठरवतात.

खटपट्या

नाना, त्यावर वेगळा धागा काढा, मी नक्की येईन. ताई, पळवायची आहे की नाही, याचे उत्तर तुम्ही अजून दिलेले नाही. पळवणार असाल तर जुने मॅग्नेशियमचे व्हील शोभेपुरते ठेवा, कारण जुन्या मॅग्नेशियमला पडलेले तडे डोळ्यांना दिसत नाहीत. क्लचभोवती प्रमाणित पोलादी कवच हवेच, अन्यथा फुटलेल्या क्लचचे तुकडे चालकाच्या पायांवर येतात. गाडी दहा सेकंदांच्या आत जाणार असेल तर पूर्ण रोल केज (चालकाभोवतीचा नळ्यांचा पिंजरा) लागेल, आणि तो 1962 च्या छायाचित्रात नसला तरी लागेल.

डेट्रॉइटकर

याबाबत मी खटपट्यांशी सहमत आहे. केजच्या नळ्या काळ्या रंगात रंगवा, लांबून जाणवत नाहीत. आणखी एक गोष्ट. तुमच्या कवचाचा क्रमांक चालकाच्या दाराच्या खांबावर असेल, तो जसा आहे तसाच राहू द्या. जुन्या गाडीचा क्रमांक एखाद्या कागदावर सापडला तरी तो या कवचावर लावणे हा गुन्हा आहे. कागदोपत्री ही प्रतिकृतीच राहील.

सरळरेषा

सासरे 84 वर्षांचे आहेत, तेव्हा गाडी वर्षातून एखाद्या वेळी हळू धावेल, वेळ मोजली जाणार नाही. काल दार मोजले. सी/जी च्या छायाचित्रात चाके गोल आहेत. बी/जी च्या छायाचित्रात पुढचे चाक थोडे दबलेले दिसते, म्हणजे तो कॅमेरा तिरका असावा. घरी चर्चा होऊन 1962 ची गाडी करायचे ठरले. काका नाराज आहेत, पण इंजेक्शनच्या नळ्या वेगळ्या स्टँडवर बसवून शेजारी ठेवाव्यात, एवढ्यावर त्यांनी मान्यता दिली. ब्लॉक ठेवून मोजले तर क्रँकचा मध्य 23 इंचांच्या किंचित वर येतो. वेल्डरला हाच आकडा दिला आहे आणि पाट्यांचे आधार आधी केवळ टाके मारून धरायला सांगितले आहेत.

आता तो म्हणतो की स्टिअरिंगचा दांडा फार तिरका येतो आणि खड्ड्यात चाके आपोआप वळतील. यावर काय करावे?

डेट्रॉइटकर

स्टिअरिंग बॉक्स मूळच्या जागी आहे की हलवला आहे? दांडा आडवा जातो की पुढून मागे? समोरून आणि बाजूने छायाचित्रे टाका, मग सांगतो.