गाडीच्या वायरिंगमधला दोष मोजून शोधायला कसे शिकावे?

कोकणवाट (चिपळूण)

नमस्कार. मी आयटीआयमधून मेकॅनिक मोटर व्हेइकल हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केला असून गेली चार वर्षे एका गॅरेजमध्ये काम करतो. क्लच, ब्रेक, सस्पेन्शन, इंजिन उघडून बांधणे ही कामे मला नीट जमतात. परंतु बिघाड वायरिंगमध्ये आहे असे दिसले की माझा हात थांबतो आणि गाडी बाहेरच्या इलेक्ट्रिशियनकडे पाठवावी लागते.

गेल्या महिन्यात एका लहान पेट्रोल गाडीचा सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) अर्धा फेरा फिरून थांबत असे. मी आधी बॅटरी बदलली, मग सेल्फ उतरवून त्याचे कार्बन आणि बुश नवे टाकले, तरी तक्रार कायम राहिली. इंजिनापासून बॉडीला येणारी अर्थची (करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणारी) केबल मी मल्टिमीटरवर तपासली होती; बीप वाजला, म्हणून ती चांगली आहे असे मी धरून चाललो. शेवटी बोलावलेल्या इलेक्ट्रिशियनने इंजिनाच्या ब्लॉकपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत एक जंपर केबल लावली आणि गाडी लगेच सुरू झाली. अर्थच्या केबलच्या लगमध्ये (टोकाच्या धातूच्या कड्यात), आवरणाच्या आत, तांबे हिरवे पडून जवळजवळ सगळे धागे तुटले होते. ग्राहकाला नव्या बॅटरीचा खर्च माझ्यामुळे सोसावा लागला, हे मला अजून सलते.

मीटरने बीप दिला असताना केबल खराब कशी असू शकते, आणि हे काम शिकण्याची सुरुवात नेमकी कुठून करावी? आधी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले दोषांचे कोड वाचणारे यंत्र) घ्यावा का? ज्येष्ठांनी कृपया मार्गदर्शन करावे.

तांब्याची तार (कोल्हापूर)

मीटरचा बीप खोटा नव्हता, पण तो तुमच्या प्रश्नाचे उत्तर नव्हता. कंटिन्युइटी, म्हणजे तार अखंड आहे का हे, तपासताना मल्टिमीटर तारेतून जेमतेम मिलिअँपियरच्या हिशेबातला करंट सोडतो, आणि तेवढ्यासाठी तांब्याचे एक-दोन धागे शाबूत असले तरी पुरतात. सेल्फला मात्र लहान पेट्रोल गाडीतसुद्धा शंभर-दीडशे अँपियर लागतात. 150 अँपियर वाहताना वाटेत केवळ 0.02 ओहमचा अडथळा असला तरी 3 व्होल्ट तिथेच खर्च होतात; आणि 0.02 ओहम हा आकडा गॅरेजमधला साधा मीटर भरवशाने दाखवू शकत नाही, कारण त्याच्या स्वतःच्या दोन तारांचा अडथळाच त्याहून जास्त असतो.

म्हणून जाड करंटची वाट ओहममध्ये मोजू नये. ती काम करत असताना तिच्या दोन टोकांमध्ये किती व्होल्ट दिसतात ते मोजावे. यालाच आम्ही व्होल्टेज ड्रॉप काढणे म्हणतो. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर टेकवा (क्लॅम्पवर नको, खुद्द शिशाच्या खांबावर, म्हणजे क्लॅम्पमधला दोषही मोजणीत येतो), दुसरे टोक इंजिनाच्या ब्लॉकच्या उघड्या धातूवर टेकवा आणि सहकाऱ्याला सेल्फ मारायला सांगा. निगेटिव्ह बाजूला 0.2 व्होल्टपर्यंत आणि पॉझिटिव्ह बाजूला, बॅटरीपासून सेल्फच्या बोल्टपर्यंत, साधारण 0.5 व्होल्टपर्यंत घट चालते. त्या गाडीत तुम्हाला निगेटिव्ह बाजूला दोन-तीन व्होल्ट दिसले असते आणि पाच मिनिटांत निदान झाले असते.

बॅटरी बदलण्याआधी आणखी एक खूण पाहता आली असती. सेल्फ रखडत असताना बॅटरीच्या खांबांवर 11.5 व्होल्टच्या वर टिकून राहत असेल तर बॅटरीवर सहसा संशय घेऊ नये; तिच्यातून पुरेसा करंट ओढलाच जात नाही, म्हणजे अडथळा वाटेत आहे. उलट त्या वेळी व्होल्टेज 9.6 च्या खाली कोसळत असेल तर एक तर बॅटरी कमकुवत आहे किंवा सेल्फ आतून जाम होऊन बेसुमार करंट खातो आहे.

स्कॅनर आताच घेऊ नका, एवढे मी आग्रहाने सांगतो. स्कॅनरवर येणारा कोड म्हणजे संगणकाची तक्रार असते, आणि सेन्सरचा कोड आला म्हणून सेन्सर बदलणारे अनेक जण मी पाहिले आहेत. तीन वेळांपैकी एकदा तरी दोष कपलरमध्ये (तारांच्या जोडणीत) किंवा तारेत निघतो, असा माझा अनुभव आहे. आधी एक चांगला मल्टिमीटर घ्या आणि 21 वॅटच्या बल्बचा टेस्ट लॅम्प घरी बनवा. तो पावणेदोन अँपियर ओढतो, त्यामुळे मीटरवर 12 व्होल्ट दाखवणारी पण आतून कुजलेली तार त्याच्यापुढे टिकत नाही. मात्र हा लॅम्प संगणकाच्या आणि एअरबॅगच्या तारांना कधीही लावू नये.

त्यानंतर महिनाभर चांगल्या चालणाऱ्या गाड्या मोजा. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी किती दाखवते (पूर्ण चार्ज असेल तर 12.6 च्या आसपास, 12.2 म्हणजे निम्मी), इंजिन चालू असताना किती होते (बहुतेक गाड्यांत 13.8 ते 14.5, काही नव्या गाड्यांत संगणक अल्टरनेटरला, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राला, मुद्दाम खाली-वर करतो), हे सगळे वहीत लिहून ठेवा. निरोगी गाडीचे आकडे पाठ नसतील तर आजारी गाडीचा आकडा डोळ्यांसमोर असूनही कळत नाही.

शिल्पनिदेशक (सांगली)

वरील प्रतिसादाशी मी पूर्ण सहमत आहे. त्यात सर्किट डायग्राम वाचण्याची भर घालतो, कारण आमच्या विद्यार्थ्यांचे पाय तिथेच अडखळतात. संपूर्ण गाडीचा डायग्राम पाहू नका; एकच उपकरण घ्या, उदाहरणार्थ हॉर्न, आणि बॅटरीपासून फ्यूज, रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), हॉर्न व अर्थ अशी त्याची वाट कागदावर स्वतःच्या हाताने काढा. रिलेवरचे आकडे जर्मन मानकातून आलेले आहेत: 30 वर बॅटरीचा करंट येतो, 87 मधून तो उपकरणाकडे जातो आणि 85 व 86 ही कॉइलची दोन टोके असतात. एवढे कळले की अर्धे फ्यूज बॉक्स वाचता येतात.

प्लायवूडच्या फळीवर जुना रिले, फ्यूज, स्विच आणि हेडलाइटचा बल्ब जोडून पाहा. 60 वॅटचा बल्ब 12 व्होल्टवर 5 अँपियर घेतो, म्हणजे पेटलेला असताना त्याचा रोध 2.4 ओहम असतो. तोच थंड बल्ब मीटरवर याच्या कितीतरी कमी ओहम दाखवतो. तार तापली की रोध वाढतो, हे पुस्तकात वाचणे वेगळे आणि फळीवर पाहणे वेगळे. मग मित्राला गुपचूप एक दोष घालायला सांगा आणि काहीही न उपटता, केवळ मोजून तो शोधा.

कोकणवाट (चिपळूण)

आपणा दोघांचा मनापासून आभारी आहे. तीन आठवडे रोज मोजणी केली आणि काल पहिला दोष स्वतः शोधला. एका गाडीचा डावा हेडलाइट मंद होता. लाइट चालू ठेवून मोजले तेव्हा बॅटरीवर 12.3 व्होल्ट होते आणि बल्बच्या दोन टोकांत 10.2. उरलेल्या 2.1 पैकी 0.2 पॉझिटिव्ह बाजूला आणि 1.9 अर्थच्या बाजूला मिळाले. गाडीचे नुकतेच डेंटिंग-पेंटिंग झाले होते आणि अर्थचा बोल्ट रंगावरच आवळलेला होता. रंग खरवडून बोल्ट पुन्हा बसवला, तेव्हा अर्थच्या बाजूची घट 0.05 वर आली. बेरीज तंतोतंत जुळली तेव्हा फार समाधान वाटले.

आता दुसरी गाडी आली आहे. तीन दिवस उभी राहिली की तिची 35 अँपियर-तासांची बॅटरी उतरते. अल्टरनेटर चांगला आहे. उभ्या गाडीत मीटर सिरीजमध्ये (बॅटरीची केबल काढून तिच्या वाटेत) लावल्यावर 3 अँपियरच्या वर आकडा दिसतो. हा करंट नेमका कुठे जातो हे कसे शोधावे?

रात्रपाळी (पुणे)

3 अँपियर हा आकडा तुम्ही घाईने वाचलेला असावा. तेवढा करंट खरोखर जात असता तर 35 अँपियर-तासांची बॅटरी बारा तासांतच संपली असती. बॅटरी जोडताच गाडीतले सगळे संगणक जागे होतात आणि त्यांना झोपायला अर्धा तास, काही गाड्यांत त्याहून जास्त वेळ लागतो. बॉनेट उघडे ठेवा, पण त्याचे आणि दाराचे कुलूप स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत ढकलून ठेवा, म्हणजे गाडीला सगळे बंद असल्यासारखे वाटेल. किल्ली दूर ठेवा आणि थांबा. त्यानंतर 0.05 अँपियरपर्यंत करंट राहिला तर तो सामान्य आहे. 0.35 राहिला तर दिवसाला 8.4 अँपियर-तास जातात, आणि तुमच्या तक्रारीशी हा हिशेब जुळतो. मीटर सिरीजमध्ये असताना चावी ऑन करू नका, सेल्फ तर मुळीच मारू नका. मीटरचा 10 अँपियरचा फ्यूज तत्क्षणी जाईल.

फ्यूज एकेक उपटून पाहण्याची जुनी पद्धत नव्या गाड्यांत फसवते, कारण फ्यूज पुन्हा बसवताच झोपलेला संगणक जागा होतो आणि आकडा बदलतो. त्यापेक्षा फ्यूज जागेवरच ठेवून त्याच्या माथ्यावरच्या दोन उघड्या टोकांत मिलिव्होल्ट मोजा. ज्या फ्यूजवर शून्य येते त्यातून करंट जात नाही. ज्यावर एखादा मिलिव्होल्टही दिसतो तिथून वाट धरा. बाहेरून बसवलेली म्युझिक सिस्टीम, जीपीएस ट्रॅकर आणि डॅशकॅम यांच्या तारा सर्वांत आधी पाहा.

पिवळ्या कपलरच्या तारा एअरबॅगच्या असतात. त्यांवर मीटर ओहममध्ये लावू नका.

कोकणवाट (चिपळूण)

गाडी आज रात्री गॅरेजमध्येच ठेवून घेतली आहे आणि दाराचे कुलूप सांगितल्याप्रमाणे ढकलले आहे. ग्राहकाने दिवाळीत रिव्हर्स कॅमेऱ्यासह नवा स्क्रीन बसवून घेतल्याचे आताच विचारल्यावर कळले. फ्यूजवरचे मिलिव्होल्ट उद्या सकाळी इथे लिहितो.