मदत हवी आहे: धनेशाच्या घरट्याचं लोकेशन मीच ग्रुपवर टाकलं, आता गर्दी कशी थांबवू?

मेडिकलवाली_खानापूर (१६ मार्च)

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय पण पूर्ण वाचा आणि शिव्या घालायच्या असतील तर शेवटी घाला.

आमचा बेळगाव जिल्ह्यातल्या पक्षी बघणाऱ्यांचा एक व्हॉट्सॅप ग्रुप आहे, मराठी कन्नड दोन्ही मंडळी, कोण अथणीचा कोण गोकाकचा कोण निपाणीचा, आणि दर वर्षी शिमग्याच्या आसपास ग्रुपला नुसता ऊत येतो कारण पळस, पांगारा, सावर सगळं फुललेलं असतं आणि सकाळी सहापासून 'आज हे दिसलं' सुरू होतं. अथणीकडून भोरड्यांचे थवे, हिडकलच्या पाण्यावरून बदकं, शहरात व्हॅक्सिन डेपोतून हळद्या नाहीतर स्वर्गीय नर्तक, आणि घाटाकडचं काय असेल ते आम्ही खानापूरवाल्यांनी द्यायचं. लै भारी वाटतं, खोटं कशाला बोलू. आपला पण एखादा फोटो गाजावा असं वाटतंच की. तिथंच घोळ झाला.

माझं माहेर जांबोटीच्या पुढं, गावाचं नाव आता सांगत नाही (उशिरा आलेली अक्कल). गावच्या देवराईत एक जुना बेहडा आहे. फेब्रुवारी संपता संपता काका फोनवर म्हणाले, अगं गरुड ढोलीत काहीतरी लिंपायलाय बघ. आमच्याकडं मोठ्या चोचीचं काहीही दिसलं की ते गरुडच, त्यामुळं मी आधी मनावर घेतलं नाही, पण 'लिंपायलाय' म्हटल्यावर डोक्यात ट्यूब पेटली आणि रविवारी दुकान बंद करून गेले. कवड्या धनेश! काळा-पांढरा, पिवळी चोच, चोचीवर ते काळा डाग असलेलं शिंगाड. मादी आत बसलेली. नर आला, शेजारच्या फांदीवर टेकला, बराच वेळ इकडंतिकडं बघितलं, मग मान वरखाली केली आणि घशातून एक उंबर काढून चोचीच्या टोकावर आणलं, आपण गोटी दोन बोटांत धरतो ना अगदी तसं, आणि फटीत दिलं. आतून फक्त चोचीचं टोक आलं, उंबर घेतलं, गेलं. परत मान हलवली, परत एक. मी मोजली, तेवीस उंबरं दिली त्यानं एका खेपेत. माझ्या अंगावर काटा आला.

आणि त्याच भरात फोटो टाकला आणि कुणीतरी 'लोकेशन प्लीज' म्हटलं आणि मी पिन टाकली. झालं.

पहिल्या आठवड्यात दोघं आले, साधी माणसं, काकूकडं चहा पिऊन गेले. दुसऱ्या आठवड्यात बाइकवाले. परवाच्या रविवारी चार गाड्या, त्यातली एक गोवा पासिंग, म्हणजे पिन घाट उतरून खाली गेलीय. एकानं ब्लूटूथ स्पीकरवर धनेशाचाच आवाज लावला म्हणे, एक जण फ्लॅश मारत होता. काका सांगत होते नर दोनदा आला आणि काही न देता उडून गेला. ते ऐकून दोन रात्री झोप नाही मला.

तर आता विचारायचंय ते असं की ती मादी आत अजून किती दिवस असणार, ग्रुपवरचा मेसेज आता डिलीट फॉर एव्हरीवन होत नाहीये आणि झाला तरी फॉरवर्ड झालेल्याचं काय करायचं, ईबर्डवर (पक्ष्यांच्या नोंदी टाकायची वेबसाइट) पण मी तीच जागा टाकलीय ती काढू का ठेवू, आणि फॉरेस्टवाल्यांना सांगावं तर ते उलट गावातल्यांनाच देवराईत यायला बंदी घालतील अशी काकांना भीती आहे. कुणाला असा अनुभव आहे का?

चंदगडी (१६ मार्च)

ताई, शिव्या घालत नाही, पहिल्यांदा सगळ्यांचंच असं होतं. मी तुमच्या पलीकडचा, तिलारीकडचा.

मादीचं म्हणाल तर ती आत गेली की विष्ठा आणि फळांचा लगदा लिंपून दार बंद करून घेते, फक्त चोच जाईल एवढी उभी फट राहते. आत तिची उडायची पिसं गळतात. म्हणजे माणसं आली म्हणून ती पळून जाऊ शकत नाही, हे लोकांना कळत नाही, त्यांना वाटतं पक्षी आहे, नकोसं झालं तर उडेल की. तिचं आणि पिल्लांचं सगळं पोट त्या एका नरावर. तो चार वेळा येऊन परत गेला तर आत उपास. अडीच-तीन महिने धरून चाला. फेब्रुवारीअखेर लिंपलं असेल तर मे संपेपर्यंत.

झाडाखाली बिया पडल्यात का बघायला सांगा काकांना. उंबर, काजरा, असल्या बिया आणि घाण फटीच्या बरोबर खाली पडते. ताजी पडत असेल तर नर येतोय. त्यासाठी दुर्बीण पण नको आणि जवळ पण जायला नको, संध्याकाळी गुरं आणताना एक नजर टाकली तरी पुरे.

गोकाकचा_करदंट (१६ मार्च)

सोपं आहे की ओ. ग्रुपवर दुसरी पिन टाका, 'सॉरी आधीची चुकली' म्हणून. हिंडू देत त्यांना रानात.

चंदगडी (१७ मार्च)

@करदंट, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी गावच्या देवराईत गाड्या घुसणार. आणि नोंदी कायमच्या घाण. नको.

गोकाकचा_करदंट (१७ मार्च)

बरं बाबा, गंमत केली. पण आमच्याकडं धुपदाळला हा त्रास नाही बघा, घटप्रभा अभयारण्यात पाण्यावरचे पक्षी लांबूनच बघायचे असतात, चिखलात कोण जातोय. आता तिथं उतरती कळा आहे, हिवाळी पाहुणे निघालेत. चक्रवाक अजून थोडे दिसले गेल्या रविवारी. चित्रबलाक मात्र निवांत.

लेन्स_बेळगाव (१७ मार्च)

सगळ्यांचं ऐकलं, आता माझं पण ऐका. लोक बघतात म्हणून लोकांना कळतं, फोटो नसता तर त्या देवराईत काय आहे हे कुणाला माहीत होतं? उद्या तिथून रस्ता गेला तर फोटोच पुरावा म्हणून उपयोगी पडणार. सगळंच लपवून ठेवायचं तर ग्रुप कशाला काढलाय. फ्लॅश आणि स्पीकरवाल्यांना मी पण फटकवीन, पण सगळ्या फोटोग्राफरना एकाच दावणीला बांधू नका. आणि ताई राग मानू नका, तुम्ही स्वतः किती वेळा गेलात?

मेडिकलवाली_खानापूर (१७ मार्च)

पाच वेळा. एकदा भाचरांना घेऊन, आणि ती पोरं काय गप्प बसणारी नव्हेत. बोलायला तोंड नाही मला.

निपाणी_नाका (१७ मार्च)

लेन्सदादा, मुद्दा अर्धा बरोबर आहे. फोटो टाका की, कोण नको म्हणतंय, पण पिल्लू उडाल्यावर टाका. तीन महिन्यांनी टाकलेल्या फोटोनं रस्ता अडायचा असेल तर तेव्हा पण अडेल.

ताई, कायद्याचं सांगतो कारण ते लोकांना माहीत नसतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे त्यात पक्ष्यांची अंडी नाहीतर घरटी यांना उपद्रव देणं पण येतं, म्हणजे बंदूकच पाहिजे असं नाही. आणि धनेश पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षण असलेल्या यादीत. ग्रुपवर हे शांतपणे टाका, मराठीत आणि कन्नडमध्ये, कुणाचं नाव न घेता. स्पीकरवाला वाचेल बरोबर.

ईबर्डचं: चेकलिस्ट, म्हणजे तुम्ही टाकलेली पक्ष्यांची यादी, डिलीट करू नका, नोंद मोलाची आहे. चेकलिस्ट उघडून ती सार्वजनिक यादीतून लपवायचा पर्याय आहे, तो वापरा, मे नंतर परत उघडा. पिन इकडंतिकडं सरकवत बसू नका. फोटोखाली 'देवळामागचा बेहडा' असलं काही लिहिलं असेल तर ते पण पुसा, लोक तेवढ्यावरून शोधतात.

विषय निघालाच आहे म्हणून, काल आमच्या बांधावरच्या वडात हरियाल आणि शेजारच्या लाइटीच्या तारेवर नीलपंख. एक महाराष्ट्राचा राज्यपक्षी एक कर्नाटकचा. दोघांचा दावा अजून कोर्टात गेलेला नाही.

कुंदाप्रेमी (१८ मार्च)

😂 निपाणीकर तारीख पडेल लवकरच.

ताई माझं सासर कणकुंबीकडं, तिथल्या अनुभवावरून सांगते, फॉरेस्ट-बिरेस्ट नंतर, आधी गावच्या पंचांना आणि पुजाऱ्याला धरा. देवराई म्हणजे देवाचं रान, तिथं नियम आधीपासून आहेतच की. चप्पल बाहेर, आरडाओरडा नाही, वाळकी काटकी पण घरी न्यायची नाही. बाहेरच्याला 'पक्ष्याला त्रास होतो' सांगितलं तर तो वाद घालतो, मला अमुक माहीत आहे तमुक माहीत आहे म्हणतो. 'देवाचं आहे, इथून पुढं जायचं नाही' म्हटलं की गोव्याचा असो नाहीतर बेंगळुरूचा, बूट काढून गप उभा राहतो. मी डोळ्यांनी बघितलंय.

आणि बीट गार्डला (फॉरेस्टचा त्या भागाचा वनरक्षक) सांगायचं ते तक्रार म्हणून नको, 'आमच्या देवराईत धनेश बसलाय, गावच राखण करतंय, तुम्ही अधूनमधून चक्कर टाका' असं सांगा. बंदीचा विषय येतच नाही मग. कन्नड बोलणारं कुणीतरी सोबत न्या, निम्मं काम तिथंच होतं.

मेडिकलवाली_खानापूर (२३ मार्च)

अपडेट देते. सगळ्यांचे लै उपकार.

ग्रुपवर मेसेज टाकला, 'चूक माझी आहे, पिन मी टाकली, ज्यांनी पुढं पाठवली त्यांनी तिथं पण हा मेसेज पाठवा' असं स्पष्ट लिहिलं. कन्नड भाग दुकानातल्या मुलीनं लिहून दिला, तिनं माझ्यापेक्षा कडक लिहिला असं नंतर कळलं. दोघांनी ग्रुप सोडला. ॲडमिननी नियम केला की फेब्रुवारी ते जून घरट्याचा फोटो नाही, आणि घाटातल्या कुठल्याही पक्ष्याला फक्त तालुका लिहायचा.

ईबर्डवरची चेकलिस्ट लपवली. खाली मी खरंच 'तळ्याच्या वरच्या अंगाला' असं लिहिलं होतं. पुसलं.

कुंदाप्रेमीताई, तुमचा सल्ला एक नंबर. पुजारीकाकांनी काय केलं माहितीय, देवराईच्या तोंडाशी, बेहड्यापासून सत्तर-ऐंशी पावलांवर, काथ्याची दोरी बांधली आणि त्याला आंब्याचे टहाळे लावले, बस्स. बोर्ड नाही काही नाही. या रविवारी एक गाडी आली, दोरीपाशी थांबली, पुजारी म्हणाले देवी बसलीय आत. त्यांनी हात जोडले, लांबून दुर्बिणीनं बघितलं, गेले. काका म्हणतात खोटं काय बोलले, बसलीच आहे की आत.

बिया ताज्या पडायल्यात. मी गेले नाही, काकूनं व्हिडिओ कॉलवर दाखवल्या. उंबराचा लगदा आणि त्यात दोन चपट्या, बटणासारख्या बिया.

चंदगडी (२३ मार्च)

चपटी बटणं म्हणजे काजरा. माणसाला विष, आणि धनेश गर खाऊन बी टाकतात. त्या बिया गुरांच्या तोंडाला लागू देऊ नका तेवढं.

लेन्स_बेळगाव (२४ मार्च)

दोरीची आयडिया आवडली. एक विनंती, जूनमध्ये काकांना विचारून मला एकदा रिकाम्या ढोलीचा फोटो काढू द्या, लिंपलेलं दार कसं असतं ते दाखवायचंय पोरांना. पायी येईन. काकूंच्या चहासकट 😀

निपाणी_नाका (२१ एप्रिल)

धागा वर काढतोय. ताई काय खबर? आमच्याकडं भोरड्या गेल्या सगळ्या, आठ दिवस झाले एक नाही. पावशा मात्र रात्री पण ओरडायलाय, पेरते व्हा पेरते व्हा, अजून नांगरट पण झाली नाही आणि याची घाई.

मेडिकलवाली_खानापूर (२१ एप्रिल)

सगळं ठीक. काका रोज गोठ्यातून बघतात, सकाळच्या वेळात तीन-चार खेपा होतात म्हणे. मध्ये एक दिवस वळीव लै जोराचा झाला, गारा पडल्या, त्या दिवशी नर दुपारपर्यंत आला नाही तर काकांनी मला सहा फोन केले. जसा काय जावई यायचा राहिलाय.

मेडिकलवाली_खानापूर (२४ मे)

सकाळी सव्वासातला काकांचा फोन. झाडाखाली लिंपणाचे वाळके तुकडे पडलेत. दार फुटलं. आणि वरच्या उंबरावर तिघं बसलेत, एकाची चोच लहान आणि वरचं शिंगाड जवळजवळ नाहीच.

मी दुकानात काउंटरवर उभी राहून रडले, गिऱ्हाईकाला वाटलं कोण गेलं की काय.

दोरी काढू का विचारलं काकांनी. पुजारी म्हणाले राहू दे.

कुंदाप्रेमी (२४ मे)

अगं बाई! कुंदा माझ्याकडून. पत्ता पाठव.

गोकाकचा_करदंट (२४ मे)

पत्ता नको, पिन पाठवा 😂

चंदगडी (२५ मे)

अभिनंदन ताई. काकांना नमस्कार सांगा. बाकी यंदा नवरंग ऐकला का कुणी? आमच्याकडं अजून शांत आहे.

मेडिकलवाली_खानापूर (२५ मे)

हो, काल पहाटे, ती दोन सुरांची शिट्टी, पंधरा-वीस मिनिटं चालू होती. दिसला नाही.

चंदगडी (२५ मे)

अरे वा, कुठं?

मेडिकलवाली_खानापूर (२५ मे)

खानापूर तालुका.