टॉप गिअर आणि अर्जेंटिनातली ती नंबरप्लेट : योगायोग की खोडी?

गिअरबॉक्स (धागाकर्ता)
२०१४ साली बीबीसीच्या 'टॉप गिअर' या मोटारींवरच्या कार्यक्रमाची मंडळी पॅटागोनिया स्पेशलसाठी अर्जेंटिनात गेली. बारिलोचेहून पार दक्षिणेच्या उशुआइयापर्यंत, तीन जुन्या गाड्या घेऊन. सूत्रधार जेरेमी क्लार्कसनच्या पोर्श ९२८ वर पाटी होती एच ९८२ एफकेएल. तिकडच्या लोकांनी त्यात १९८२ आणि फॉकलंड वाचलं, म्हणजे त्या बेटांसाठी ब्रिटनशी झालेलं आणि अर्जेंटिना हरलेलं युद्ध. उशुआइयात माजी सैनिक हॉटेलवर धडकले, तिघे सूत्रधार विमानाने निघाले आणि बाकीचा ताफा चिलीच्या सीमेकडे जाताना तोल्हुइनला दगडफेकीत सापडला. शेवटी गाड्या सोडूनच सीमा गाठावी लागली.

माझं मत : मुद्दाम असो वा नसो, ती पाटी घेऊन त्या गावात जायलाच नको होतं.

घाटातला ड्रायव्हर
काहीही हं! ब्रिटनमध्ये तेव्हा पहिलं अक्षर नोंदणीचं वर्ष सांगायचं, एच म्हणजे १९९०-९१. शेवटची दोन अक्षरं नोंदणी कार्यालयाची, केएल म्हणजे मेडस्टन. गाडीला हा नंबर पहिल्यापासूनच आहे असं बीबीसीने सांगितलं होतं. वीसेक वर्षांपूर्वी मेडस्टनच्या कारकुनाने क्लार्कसनसाठी कट रचला होता का?

गिअरबॉक्स
नंबर कारकुनाने दिला, पण गाडी कोणी निवडली? विकायला पोर्श ९२८ एकच नव्हती. आणि उशुआइया म्हणजे काय साधं पर्यटनस्थळ आहे का? 'जनरल बेलग्रानो' ही युद्धनौका तिथूनच निघाली आणि बुडाली, ३२३ माणसं गेली. युद्धात एकूण ६४९ अर्जेंटिनी मेले. अशा ठिकाणी पोचायचं म्हटल्यावर निर्मिती चमूतल्या एकाने तरी पाटीकडे दोनदा बघायला हवं होतं.

शंकासुर
पाटी खटकते ना, मग तक्रार करा, राजदूतामार्फत निषेध नोंदवा. वाद पेटल्यावर पाट्या काढल्याही होत्या, तरी दगड आलेच. चालत्या गाड्यांवर दगड मारणाऱ्यांना 'दुखावलेल्या भावना' म्हणून सूट द्यायची असेल तर आपल्याकडे बस जाळणाऱ्यांनाही द्या.

गिअरबॉक्स
दगडफेकीचं समर्थन मी कुठे केलंय? दाखवा.

डबेवाल्यांचा फॅन
या लोकांचा पूर्वेतिहास बघा की. २०११ चा भारत स्पेशल आठवतोय? मुंबईत गाडीने डबे पोचवायची शर्यत मजेची होती, मान्य. पण जग्वारच्या मागे संडास बसवून फिरवला, आगगाडीच्या डब्यांवर असे फलक लावले की डबे सुटल्यावर उरलेली अक्षरं शिवी व्हावी. आपल्या उच्चायुक्तालयाने बीबीसीला पत्र लिहिलं होतं. त्याच वर्षी याच कार्यक्रमावरून मेक्सिकोचे राजदूतही भडकले होते. 'चुकून झालं' हे यांच्या तोंडी शोभत नाही.

घाटातला ड्रायव्हर
उलट याच कारणाने मला योगायोग पटतो. हे लोक खोडी काढतात तेव्हा ती दहा फुटांवरून दिसते. संडास लपवला होता का त्यांनी? इतकी बारीक, उलगडून सांगावी लागणारी खोडी त्यांच्या स्वभावातच नाही.

शंकासुर
😂 हा मुद्दा बिनतोड.

डबेवाल्यांचा फॅन
म्हणजे बदनामी हाच निर्दोषपणाचा पुरावा! वा राव!

घाटातला ड्रायव्हर
हसा. अर्जेंटिनाच्या राजदूत आलिसिया कास्त्रो यांनी माफीची मागणी केली, बीबीसीने नकार दिला. न केलेल्या गुन्ह्याची माफी कोण मागेल?

गिअरबॉक्स
माफी नाही, पण तोच तमाशा डिसेंबरात दोन भाग करून दाखवला. तेव्हा बरी नाही अडचण आली.